शनिवारचा उपास आणि फिलाडेल्फिया

भारतातून पाहुणे आले की न्यूयॉर्क-वॉशिंग्टनची बस टूर ठरलेली असते. त्या टूरमध्ये फिलाडेल्फिया म्हणजे पाय मोकळे करायचा थांबा. बस उभी राहते, गाइड 'लिबर्टी बेल' या प्रसिद्ध घंटेकडे बोट दाखवतो, सगळे फोटो काढतात, कुणीतरी स्वच्छतागृहाच्या रांगेत हरवतं आणि बस सुटते. घरी परतल्यावर विचारलं की उत्तर येतं, "हो, ती तडा गेलेली घंटा बघितली."

या शहरावर हा अन्याय आहे, असं माझं मत. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून मी इतक्या नातेवाइकांना तिथे फिरवलंय की नवरा मला 'फिलीची पंडा' म्हणतो. गेल्या जूनमध्ये कल्याणहून मामा-मामी आले, तेव्हा मी बस टूर रद्दच करायला लावली. म्हटलं, एक पूर्ण दिवस द्या मला.

शनिवार निवडला, त्याला कारण होतं. रेडिंग टर्मिनल मार्केटमधले आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे गाळे रविवारी बंद असतात आणि त्यांच्याशिवाय त्या मार्केटला निम्मीच मजा. मामीचा शनिवारचा उपास असतो, हे मात्र मी साफ विसरले होते.

एडिसनहून जायचं असेल तर ॲमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या नादी लागू नका, खिसा कापला जातो. न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटनपर्यंत जायचं आणि तिथे सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाची लोकल गाडी पकडायची. वेळ थोडा जास्त लागतो, पैसे बरेच वाचतात. मामाने पस्तीस वर्षं कल्याण-व्हीटी केलेली. ट्रेंटनला फलाट बदलताना त्याच्या अंगात जी चपळाई आली, ती बघण्यासारखी होती. आत बसल्यावर रिकाम्या डब्याकडे बघत म्हणाला, "अगं, शनिवार आहे म्हणून, की रोजच असं?" जेफरसन स्टेशनला उतरलं की जुनं शहर पायी दहा-पंधरा मिनिटांवर.

इथे रस्ता चुकणं अवघड. विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती गृहस्थाने 1682 मध्ये शहर आखून घेतलं ते बुद्धिबळाच्या पटासारखं. पूर्वेला डेलावेअर नदी, तिथून पश्चिमेकडे आकड्यांचे रस्ते. आडव्या रस्त्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, लोकस्ट, स्प्रूस, पाइन. गोम फक्त दोन ठिकाणी आहे. पहिल्या रस्त्याला फर्स्ट न म्हणता फ्रंट स्ट्रीट म्हणतात आणि चौदाव्याच्या जागी ब्रॉड स्ट्रीट आहे. एवढं पाठ केलंत की फोन खिशात ठेवून फिरा.

इंडिपेंडन्स हॉलचं वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. डॉलरभर आरक्षण शुल्क असतं, पण उन्हाळ्यात आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत याल. ज्या खोलीत 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला आणि 1787 मध्ये राज्यघटना लिहिली गेली, ती खोली बघून मामीचा पहिला शब्द होता, "एवढीशीच?" खरंच एवढीशी. हिरवी टेबलक्लॉथं, पिसांची लेखणी, साध्या खुर्च्या. त्यातली मधली खुर्ची तेवढी नीट बघा. वॉशिंग्टन तिच्यात बसत असे आणि तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. घटना सिद्ध झाल्यावर म्हाताऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने सांगितलं म्हणे, की इतके दिवस हा सूर्य उगवतोय की मावळतोय ते मला कळत नव्हतं, आता कळलं की उगवतोय.

समोरच्या काचेच्या इमारतीत घंटा. तिला तिकीट नाही, फक्त सुरक्षा तपासणीची रांग. आमचा तिथे पाऊण तास गेला. लंडनहून 1752 मध्ये आलेली ही घंटा पहिल्याच चाचणीत तडकली, मग गावातल्याच पास आणि स्टो या दोघांनी ती पुन्हा ओतली. वजन सुमारे 940 किलो. गंमत अशी, की आपण जिचा फोटो काढतो ती रुंद भेग मुळात भेग नाहीच. पुढे बारीक तडा गेला होता. त्याच्या कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून 1846 मध्ये तो मुद्दाम कोरून रुंद केला. पण तेवढ्यात दुसरा तडा वर सरकला आणि घंटा कायमची मुकी झाली. म्हणजे लोक रांग लावून बघतात तो फसलेला इलाज. "आमच्या सोसायटीच्या गच्चीसारखं," मामा म्हणाला.

घंटेच्या दारातच वॉशिंग्टनच्या घराच्या पायाचे अवशेष आहेत. फिलाडेल्फिया 1790 ते 1800 देशाची राजधानी होती, तेव्हा अध्यक्ष इथे राहत. त्या घरात गुलामही होते. त्यांतली ओना जज नावाची तरुणी 1796 मध्ये इथूनच पळाली आणि पुन्हा कधी हाती लागली नाही. मला विचाराल तर घंटेपेक्षा या जागी जास्त वेळ थांबा.

एल्फ्रेथ्स ॲलीत दहा मिनिटं पुरतात. विटांची 32 घरं, बहुतेक अठराव्या शतकातली, कारागिरांची. लोक अजून राहतात तिथे, तेव्हा खिडक्यांना नाक लावू नका. वाटेत फिफ्थ आणि आर्चच्या कोपऱ्यावर फ्रँकलिनचं थडगं रस्त्यावरूनच गजांतून दिसतं. काटकसरीचे धडे देणाऱ्या माणसाच्या थडग्यावर लोक सुटे पैसे फेकतात. मामानेही एक सेंट फेकला. तो गजाला लागून परत आला आणि मामाने तो निमूटपणे खिशात टाकला.

आता जेवण. रेडिंग टर्मिनल मार्केट 1893 पासून ट्वेल्थ आणि आर्चवर आहे. वर रेल्वेचं स्टेशन होतं आणि खाली बाजार. स्टेशन गेलं, बाजार राहिला. शनिवारी दुपारी इथे दादरच्या फुलबाजाराइतकी गर्दी असते, म्हणून अकराच्या आत शिरा किंवा सरळ दोन वाजेपर्यंत थांबा. आम्ही बरोब्बर साडेबाराला गेलो. पंडाही चुकतो.

शहराबाहेर चीजस्टेकचं नाव मोठं, पण डायनिक्सचं रोस्ट पोर्क सँडविच खाल्ल्याशिवाय मत बनवू नका. लांबट पाव, त्यात रसात भिजलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप, झणझणीत वासाचं शार्प प्रोव्हलोन चीज आणि ब्रोकोली राब नावाची कडसर पालेभाजी. ही भाजी घालायलाच सांगा. कडूपणामुळे मांसाचा गोडवा खुलतो, मेथीचं होतं तसं. मामा सीकेपी, खाण्याच्या बाबतीत तो सहसा कुणाला दाद देत नाही. अर्धं संपेपर्यंत बोलला नाही आणि मग एवढंच म्हणाला, "आपल्या खिम्याच्या कानवल्याला तोड नाही, पण हे चालेल." याहून मोठी पावती मी त्याच्याकडून ऐकलेली नाही.

मामी मात्र पर्स मांडीवर घेऊन शांत बसली होती. तेव्हा कुठे मला शनिवार आठवला. समोर आमिश मुली पांढऱ्या टोप्या घालून प्रेट्झेल वळत होत्या. पीठ लांबवायचं, पिळा द्यायचा, भट्टीतून काढलं की लोण्यात बुडवायचं. तो वास आणि मामीचा चेहरा, दोन्ही एकाच वेळी बघवेना. मी तिला उचलून बॅसेट्सच्या संगमरवरी काउंटरवर नेलं. 1861 पासून आइस्क्रीम करणारं घराणं आहे हे. दूध, साय, साखर, कशालाही हरकत नाही. मामीने व्हॅनिला मागवलं, मग आंबट चेहऱ्याने म्हणाली, "आणखी एक घेते, फराळच आहे." प्रेट्झेल कागदी पिशवीत घालून दुसऱ्या दिवशीसाठी बांधून घेतले. सांगून ठेवते, शिळा प्रेट्झेल म्हणजे चामडं. तिथेच, गरम, पिवळ्या मोहरीच्या सॉससोबत खा.

सिटी हॉल जाता जाताच बघा, मान वर करून. 548 फुटांवर विल्यम पेनचा पुतळा. त्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही असा गावात अलिखित संकेत होता. तो 1987 मध्ये मोडला आणि त्यानंतर शहराच्या एकाही मोठ्या संघाला अजिंक्यपद मिळेना. शेवटी 2007 मध्ये नव्या, आणखी उंच इमारतीच्या सर्वांत वरच्या तुळईवर पेनची चिमुकली मूर्ती चिकटवली आणि पुढच्याच वर्षी बेसबॉलचा संघ जिंकला. यावर मामीने अजिबात आश्चर्य व्यक्त केलं नाही. वास्तुशांत राहिली असेल, म्हणाली.

इथे मामाने विषय काढला. "आपल्या आनंदीबाई इथेच शिकल्या ना गं?"

कल्याणचा माणूस हे विचारणारच, हे मला आधी सुचायला हवं होतं. यमुना म्हणून कल्याणच्या घरात वाढलेली मुलगी 1883 मध्ये बोटीने अमेरिकेत आली. ज्यांच्याकडे ती आधी उतरली त्या थिओडिशिया कार्पेंटरबाई न्यू जर्सीत रोझेलला राहत, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना एका मिशनरी मासिकात कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं आणि तिथून पत्रव्यवहार सुरू झाला. शिक्षण इथे, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात. 11 मार्च 1886 ला डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आधी. त्यांच्या अस्थी पुन्हा समुद्र ओलांडून कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला आल्या.

कॉलेज तेव्हा नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू आणि ट्वेंटीफर्स्ट स्ट्रीटजवळ होतं. आम्ही टॅक्सी केली. प्रवासी तिकडे येत नाहीत. गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत, तिच्यालगतचा रस्ता, समोर घरं, पायरीवर बसलेली दोन मुलं. जुन्या इमारतीचा मागमूस आम्हाला दिसला नाही, कॉलेज 1930 मध्ये दुसरीकडे हललं होतं. मामा रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. "थंडीत बर्फ पडत असेल ना इथे," एवढंच म्हणाला. नऊवारीतली आनंदीबाई या फुटपाथवरून जानेवारीत कॉलेजला निघाली असेल, हे तिघांच्याही डोळ्यांपुढे आलं असावं. कुणी बोललं नाही. टॅक्सीवाला मात्र मीटर चालू ठेवून थांबला होता.

आर्ट म्युझियम तिथून जवळ. पाहुणे 'रॉकी' सिनेमातल्या मुष्टियोद्ध्यासारखे 72 पायऱ्या धावत चढतात, वर हात उंचावतात आणि आत न जाताच उतरतात. तुम्ही आत जा. मदुराईच्या मंदिर परिसरातले कोरीव दगडी खांब एका अमेरिकन बाईने 1912 मध्ये विकत घेतले, त्यांचा अख्खा मंडप आत उभा आहे. मामीने चपला काढाव्यात का, असं विचारलं.

संध्याकाळी नाइन्थ आणि पॅसयंकच्या नाक्यावर गेलो. पॅट्स आणि जीनोज समोरासमोर, दोघांचेही दिवे लखलखते. चीजस्टेकचा जन्म 1930 च्या सुमाराचा, पॅट्सवाल्यांकडचा. मागवायची भाषा ठरलेली आहे: 'विझ विट', म्हणजे पातळ चीज आणि कांद्यासह. रांगेत पुढे गेल्यावर विचार करत बसलात तर मागचे लोक खेकसतात. पण हे बीफ, त्यामुळे आमच्यातलं कुणी खाल्लं नाही. चीज घातलेले फ्राइज घेतले. बटाटा उपासाला चालतो, तेलाचं काय, यावर मामीने मौन पाळलं.

मग चालत उत्तरेला. नाइन्थ स्ट्रीटवरचा इटालियन बाजार त्या वेळी आवरत असतो, पण सेव्हन्थ आणि क्रिस्टियनवरचं जॉन्स वॉटर आइस उन्हाळ्यात सुरू असतं. लिंबाचं घ्या. आपला बर्फाचा गोळा, फक्त मऊ, चमच्याने खायचा. इथली माणसं त्याला 'वुडर आइस' म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा. मामीने तिसरा फराळ केला.

वॉशिंग्टन स्क्वेअरवरून स्टेशनकडे वळलो. झाडांखाली अनाम सैनिकाच्या समाधीसमोर ज्योत तेवत होती. पुढे चेस्टनट स्ट्रीटवर आलो तर सगळं बंद, रस्ता मोकळा, आणि काचेच्या भिंतीआड दिवा लावलेली घंटा. फुटपाथवरून, स्पष्ट, एकटी. मामा काचेजवळ गेला, तडा नीट न्याहाळला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"मग सकाळी आपण रांगेत कशाला उभे होतो?"