चढाला उतर

दुपारी थर्मामीटर शोधत होते. आमच्याकडे थर्मामीटरचा म्हणून एक खण आहे आणि त्या खणात थर्मामीटर सोडून सगळं सापडतं. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या, कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर, लग्नपत्रिकेवरून सुटलेला गणपती (टाकवत नाही म्हणून). त्यात एक पोट आत गेलेली ट्यूब हाताला लागली. मलम असेल म्हणून टोपण फिरवलं, तर सोल्युशन. पंक्चरचं. नाकाशी नेलं आणि ताप कुणाला आलाय तेच विसरले. मलाच आला होता.

पहिल्या पावसाच्या वासावर कविता करणारे ढिगाने आहेत. पेट्रोलचा वास आवडणारेही भेटतात. सोल्युशनचं कौतुक करणारं माणूस मला अजून भेटायचंय. सांगलीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला होता. ट्यूब घमेल्यातल्या काळ्या पाण्यात बुडवून तो इंच इंच पुढे सरकवायचा, आणि बुडबुडे कुठून येतात ते त्याच्या आधी मला दिसलं पाहिजे असा माझा हट्ट असे. दिसले की भोकात आगकाडी टोचायची, ट्यूब पुसून कानशीने घासायची, सोल्युशन लावायचं, आणि मग थांबायचं. ओल्यावर पॅच लावला की सुटतो. त्या थांबायच्या वेळात तो बिडी पेटवायचा. शेजारी सोल्युशन उघडं. आमची गल्ली शाबूत राहिली ही देवाची कृपा.

अप्पांची सायकल काळी, उंच, दांडीला टॉवेल गुंडाळलेला. त्या टॉवेलावर बसून मी शाळेत जायचे. सायकल शिकायची वेळ आली तेव्हाचं सांगायचं तर, सगळ्यांच्या वडिलांनी मागून धरलेलं कॅरिअर हळूच सोडून दिलेलं असतं. अप्पांनी धरलंच नव्हतं. "पड, म्हणजे येईल," म्हणाले आणि पेपर वाचत बसले. आली.

शाळेच्या वाटेवर रेल्वेच्या पुलाचा चढ होता. चढाच्या पायथ्याशी अप्पा ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, "उतर." एवढंच. मग आम्ही दोघं चालत, मध्ये सायकल. माझी मैत्रीण कुंदा, तिचे वडील मात्र तिला कॅरिअरवर बसवून, उभं राहून पेडल मारत तो चढ चढायचे, आणि कुंदा मागे वळून मला हात हलवायची. घरात अप्पा फार बोलत नसत. पुलावर बोलायचे. एकदा पेढीवर हिशेबात चूक निघाली म्हणून मालक सगळ्यांदेखत काय काय बोलला ते त्यांनी मला सांगितलं होतं. मी सात वर्षांची. मला त्यातलं काही कळलं नाही. मी कुंदाकडे बघत होते.

कुंदा हल्ली रोज सकाळी व्हॉट्सॲपवर मला गुलाब पाठवते. मी कधी उलट पाठवत नाही.

तर तेव्हाच ठरवलं होतं, मोठेपणी चढाला उतरायचं नाही. स्कूटर आली, मग गाडी आली, आणि हा निश्चय कसोटीला न लागता पन्नास वर्षं टिकला. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत निनाद म्हणाला, "आई, मी कोकणातून सायकलने रत्नागिरीला जातोय, येतेस?" मुलं एकतिशीत आली की असं काही विचारतात ते आपण नाही म्हणावं म्हणून. मी नुकती बँकेतून निवृत्त झाले होते, दिवस खायला उठत होता, हो म्हटलं. हे म्हणाले, "एसटी आहे की." मग महिनाभर पहाटे डोंबिवलीतून शीळच्या रस्त्याने सराव. माझ्या सायकलीला एकवीस गिअर होते. त्यातले मी दोन वापरते, एक चढाचा आणि एक बाकीचा.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो आणि निघालो. सहा दिवस, तीनशेच्या वर किलोमीटर. नकाशात हा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की वाटावं, एका बाजूने पायच भिजतील. प्रत्यक्षात काय होतं, दर थोड्या अंतरावर एक खाडी आत घुसलेली. गाव खाली पाण्याशी, रस्ता वर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर. सड्यावरून गावात उतरा, धक्क्यापर्यंत जा, बोटीने पलीकडे, आणि पलीकडे लगेच तेवढंच वर. दिवसभरात समुद्र दिसतो तो बहुतेक उतारावर, आणि उतारावर माझं सगळं लक्ष ब्रेककडे.

त्या फेरीबोटीला तिथे 'जंगल' म्हणतात. आगरदांड्याला एका बाईंनी सांगितलं, "बसा, जंगल आत्ताच सुटलंय," तेव्हा मी क्षणभर सायकल घट्ट धरली. मग सवय झाली. आगरदांडा ते दिघी एक जंगल, सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी दुसरं (चढताना रायगड जिल्हा, उतरताना रत्नागिरी), वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे तिसरं. हे दाभोळचं 2003 साली सुरू झालं. त्याआधी समोर दिसणाऱ्या किनाऱ्यावर गाडी न्यायची तर चिपळूणपर्यंत वळसा. जंगलावर ट्रक, जीपगाड्या, मासळीच्या टोपल्या, आणि कडेला आमच्या दोन सायकली. खलाशी त्या हाताने जरा बाजूला सारायचा, घरात पाय आडवे टाकून बसलेल्या पोराला सारावं तसा.

पहिला मुक्काम मुरुडला, म्हणजे जंजिऱ्याच्या मुरुडला. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. श्रीवर्धनात दारोदार रोठा सुपारी वाळत घातलेली, तिच्या कडेकडेने सायकली हातात धरून गेलो. तिसऱ्या रात्री आंजर्ले. चौथ्या दिवशी हर्णै ओलांडून दापोली तालुक्यातल्या मुरुडला चहाला थांबलो तेव्हा ह्यांचा फोन.

"कुठे पोचलात?"

"मुरुडला."

थोडा वेळ काही नाही. मग, "चार दिवस काय करताय तिथे?"

हे दुसरं मुरुड महर्षी कर्व्यांचं. मिसरूड फुटायच्या वयात ते परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले होते, सह्याद्री चढून, आणि तिथे 'वय लहान दिसतं' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे 104 वर्षं जगले, तेव्हा वयाची कसर भरून काढलीच म्हणायची. माझी अडचण उलटी. टपरीवाल्याने निनादला विचारलं, "आजी गाडीतनं मागनं येतायत काय?" मी हेल्मेट घालून शेजारीच उभी होते. निनाद हसला. मी त्याला चहाचे पैसे द्यायला लावले.

पाचव्या दिवशी गुहागर सोडलं. हेदवीच्या अलीकडे त्याचं मागचं चाक बसलं. रस्त्याकडेच्या घरातली बाई अंगणात भांडी घासत होती, तिने न विचारता घमेलं भरून पाणी आणून ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. निनादने ट्यूब बुडवली. बुडबुडे मला आधी दिसले. "तिथे, तुझ्या अंगठ्याशी," मी इतक्या जोरात ओरडले की ती बाई दोन पावलं मागे सरली. त्याने ट्यूब पुसली, घासली, सोल्युशन लावलं आणि लगेच पॅच दाबायला गेला.

"थांब. वाळू दे."

"आई, तवसाळची बोट चुकेल."

"ओलं लावलंस तर सुटेल."

"तो जमाना गेला गं."

दोन किलोमीटरवर सुटला. दुसऱ्यांदा पॅच मी लावला. एका गडग्यावर बसून, सोल्युशन लावलेला भाग वर धरून, फुंकर घालत, मनातल्या मनात शंभर आकडे मोजून. त्याने अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून तो पॅच आजतागायत टिकलाय, हे मी घरात दर महिन्याला एकदा तरी काढते.

बोट चुकलीच. तवसाळच्या धक्क्यावर पुढच्या बोटीची वाट बघत बसलो, समोर शास्त्री नदीचं मुख, पलीकडे जयगड. निनाद एरवी वाट बघताना फोन काढतो. त्या दिवशी नाही काढला. दगड उचलून पाण्यात टाकत बसला, लहानपणी करायचा तसा, पण भाकऱ्या न करता, नुसते टाकत. मला वाटलं, पंक्चरचा राग.

जयगडला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. धक्क्यापासून सड्यावर जाणारा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून कळायचं नाही. मी चढाचा गिअर टाकला आणि मान खाली घालून मोजायला लागले. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर पुढचं चाक डुलायला लागलं, कानात माझाच श्वास भात्यासारखा, आणि पाय आपोआप जमिनीवर टेकला. पन्नास वर्षांचा निश्चय. कुंदा कुठून बघत नाही ना, म्हणून मी खरोखर मागे वळून पाहिलं.

निनाद बराच पुढे होता. त्याने मागे बघितलं आणि तोही उतरला.

"तू जा की. वर थांब."

"मलापण दम लागलाय."

साफ खोटं. शीळ घालत होता.

चालायला लागलो. मागच्या चाकांची टिकटिक, त्याची एका लयीत, माझी अडखळत. कुठेतरी कलमांची बाग असणार, मोहोराचा वास येत होता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग समोर रस्त्याकडे बघत तो म्हणाला,

"आई, मी नोकरी सोडली."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

मी मनात मोजलं. गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत. रोज सकाळी हा सात अठराची लोकल पकडायला बाहेर पडत होता. केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून. पुढे काय, हप्ते कसे भरलेस, कुणाशी भांडलास का, हे सगळे प्रश्न मला नंतर सुचले, रात्री, गणपतीपुळ्याच्या खोलीत पंख्याकडे बघत. त्या चढावर तोंडातून पहिला निघाला तो असा:

"मग डबा कुठे खायचास?"

"शिवाजी पार्कला. कट्ट्यावर." जरा वेळाने म्हणाला, "तिथे एक कुत्रा ओळखीचा झालाय. त्याला पोळी चालते. भेंडी नाही खात."

"भेंडी तुला तरी कुठे चालते."

"ती त्याला दिली तर तोही नाही म्हणाला."

मी हसले, आणि हसता हसता दम लागला म्हणून थांबले. तोही थांबला. पाण्याची बाटली पुढे केली. तिथून वर जाईपर्यंत तो बोलत होता. साहेबाने बैठकीत सगळ्यांसमोर काय सुनावलं ते, राजीनामा लिहिताना हात कापत होता ते, पहिल्या दिवशी सवयीने स्टेशनवर गेला आणि गाडीत चढल्यावर लक्षात आलं की जायचं कुठेच नाही, ते. मी ह्या वेळी सगळं ऐकलं. एक शब्द सोडला नाही. मध्ये एक रिक्षावाला शेजारी हळू झाला, "पंक्चर काय?" म्हणून. आम्ही दोघांनी एकदम मान हलवली, तो गेला.

वर सडा लागला. वारा, पिवळं गवत, आणि चढ संपलेला.

"बाबांना आत्ता सांगू नकोस."

"नाही सांगत."

"बस आता. पुढे मालगुंडपर्यंत उताराचंच आहे," तो म्हणाला. नव्हतं. मध्ये अजून एक बारका चढ निघाला, पण तो आम्ही बसूनच काढला, त्यामुळे बोलणं झालं नाही. मालगुंड, केशवसुतांचं गाव, तिथे पोचेपर्यंत अंधारलं आणि फोन वाजला.

"आज कुठे?"

"मालगुंड."

"चला," हे म्हणाले, "मुरुड सुटलं एकदाचं."

निनादला आता दुसरी नोकरी आहे. बरी आहे म्हणतो. तिथे कँटीन आहे, डबा नको म्हणतो, आणि मी सकाळी साडेपाचला उठून कुणासाठी काही करायचं नसल्यासारखी ओट्यापाशी उभी असते. कँटीन आहे का, असं परवा त्याच्या मित्राला विचारायचं ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

ट्यूब दाबून बघितली. आत सगळं वाळून खडा झालंय, वास मात्र येतो. थर्मामीटर शेवटपर्यंत मिळाला नाही. अंग गरम लागतंय, पण आपलंच अंग आपल्याच हाताला काय कळणार.