कुत्र्यांना पत्ताच नाही

"मामा, एवढं हरीण समोर उभं आहे, मग ही कुत्री भुंकत का नाहीत?"

जर्मन चित्रकार ड्यूररचं साधारण १५०१ सालचं 'संत युस्टेस' हे चित्र लॅपटॉपवर मोठं करून बघत होतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. भाचा खांद्यावरून डोकावला.

खरंच की! पाच शिकारी कुत्री, आणि हरणाचं एकालाही सोयरसुतक नाही. दंतकथेतला रोमन सेनानी युस्टेस मात्र घोड्यावरून उतरून गुडघ्यांवर बसलाय, कारण शिंगांच्या मधोमध त्याला क्रूस दिसलाय.

मला विचाराल तर ड्यूररचा जीव संतापेक्षा कुत्र्यांतच जास्त रमलाय. बरगड्या, आत ओढलेलं पोट, सगळं बारीक रेघांनी. त्यातल्या एकाचं आधी केलेलं चित्र इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात आहे. छापताना बाजू उलटते, म्हणून इथे त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला.

चमत्कार रंगवायचा म्हटलं की आपण अख्ख्या गावाला तोंडाचा आ वासायला लावतो. या पठ्ठ्याने घोडा, कुत्री, मागचा डोंगर, किल्ला सगळ्यांना आपापल्या कामात राहू दिलं. धाडसच म्हणायचं.

मूळ छाप कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का? कागद जेमतेम वीतभर रुंद, पण त्या रेघा नुसत्या डोळ्यांनी दिसतात की भिंग लागतं?