पाय टेकताना

रविवार, रात्र

समर्थ मंदिराकडच्या चढावर पुढचा टेम्पो थांबला म्हणून मी थांबले, आणि माझा उजवा पाय खाली गेला. डावा फुटरेस्टवरच राहिला. झालं ते एवढंच. गाडी वीतभर मागे सरकली, मी पुढचा ब्रेक आवळून धरला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नसुद्धा दिला नाही. तरी सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय. पाय मी बदलला नव्हता. तो बदलला गेला.

डाव्या गुडघ्याच्या एसीएलचं, म्हणजे आतल्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालं त्याला आता एकोणिसावा आठवडा चालू आहे. गुडघा १३५ अंश वाकतो, पूर्ण सरळ होतो. वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर टेप धरून मोजलं तर डावी मांडी उजवीपेक्षा दीड सेंटीमीटरनं बारीक भरते, आणि एवढा फरक फिजिओ मॅडमना चालतो. डाव्या एकट्या पायावर खुर्चीतून दहा वेळा उठता येतं. वीस सेंटीमीटरच्या पायरीवरून सावकाश उतरताना गुडघा आत वळत नाही. डॉक्टर ‘गाडी चालवा’ म्हणाले ते हे सगळं तपासून. मग राहिलं काय? साडेचार महिने गुडघ्याखाली टॉवेल दाबला, टाचा सरकवल्या, रबरी पट्टा ताणला, लग्नं चुकवली, आणि इतकं करून पाय ऐन वेळी दगा देणार असेल तर कुणासाठी केलं हे?

सई म्हणते मी घाबरले. तिच्यावर आवाज चढला माझा. ते जाऊ दे.

आधी हिशोब नीट मांडते. गुडघा कुठला, यावर गाडीवरचं सगळं ठरतं, आणि हे ऑपरेशनआधी कुणी सांगत नाही. उजवा असता तर मागचा ब्रेक, डबल स्टँडचा दांडा दाबणं आणि सीटवरून टांग टाकणं यांत अडचण आली असती. साइड स्टँडवर भागवून त्यातलं थोडं टाळता येतं. डाव्याचं तसं नाही. गाडीवर चढताना सगळं वजन डाव्यावर, आणि टांग टाकताना त्याच पायावर अंग वळतं. साइड स्टँड डाव्यानं, गिअर डाव्यानं. थांबल्यावर टेकायचा तोही डावाच, कारण उजवा मागच्या ब्रेकवर असतो. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असायचा, तिच्यावर गिअर-ब्रेकचं आणि पाय टेकायचं हे गणित नेमकं उलटं झालं असतं. बाबा तसल्या बुलेटवर चढावर कायम उजवा पाय टेकायचे. आज ते आठवलं आणि टेम्पो हलला तरी मी तिथेच थांबले होते.

त्यातून माझी उंची पाच फूट दोन इंच आणि माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर. दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकतात. म्हणून इतकी वर्षं एकच पद्धत: थांबायच्या आधी कंबर जरा डावीकडे सरकवायची आणि डावा तळवा पूर्ण टेकायचा. उजवा टेकायचा तर कंबर उजवीकडे न्यावी लागते. आज तीसुद्धा आधीच गेलेली होती. म्हणजे हा निर्णय टेम्पो थांबण्याआधी कुठेतरी झाला होता. मला सलतंय ते हेच. पाय कच्चा असता तर समजू शकले असते. हा तर मला न विचारता बाजूला झाला.

गाडी १९५ किलोची. सरळ उभी असते तेव्हा पायावर जवळजवळ काही भार नसतो, सगळं वजन चाकांतून जमिनीत जातं. ती दहा अंश कलली की तिला तिच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर रेटून धरायला साधारण ३४ किलोचा जोर लागतो, आणि वीस अंशांना तो सत्तरच्या घरात जातो. त्यामुळे पायाची ताकद हा प्रश्न उशिराचा आहे. खरा प्रश्न गाडी कलू न देण्याचा आहे, आणि गाडी कलते ती ठरलेल्या कारणांनी: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं, गाडी पूर्ण थांबण्याआधी पाय खाली सोडणं, खडीवर किंवा वाळूवर थांबणं. दुसरं कारण गुडघ्याला सर्वांत घातक. पाय पुढे टेकला आणि गाडी अजून सरकत असली तर तळवा जागेवर राहतो, अंग पुढे जातं, आणि गुडघ्याला पीळ बसतो. एसीएल तुटतं ते बहुतेक वेळा याच हालचालीनं, रोवलेल्या पायावर फिरलेल्या अंगानं. पाय टेकायचा तो फुटरेस्टच्या शेजारीच, बोटं पुढे आणि किंचित बाहेर, तळवा सपाट, गुडघा जरासा वाकलेला. ताठ पाय कधीच नाही.

आपल्या रस्त्यांचा उतारही लक्षात ठेवावा लागतो. पाणी वाहून जावं म्हणून डांबर मधे उंच आणि कडेला उतरतं असतं. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीन नेहमी थोडी खालीच असते. त्यात साइडपट्टी खचलेली असली तर आणखी चार बोटं. उंच माणसाला हे कळणारही नाही. मला आता थांबायचं तर लेनच्या मधोमध थांबायला हवं. मागचे कितीही हॉर्न वाजवोत, कडेला दबून उभं राहायचं नाही.

आणि चढावर उजवा पाय टेकणं चुकीचं का, तेही लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा तसं झालं तर मनाची समजूत घालणार नाही. उजवा जमिनीवर आला की मागचा ब्रेक सुटतो. मग गाडी धरायला फक्त पुढचा ब्रेक राहतो, आणि निघताना त्याच हाताच्या दोन बोटांनी लिव्हर धरून उरलेल्यांनी रेस द्यायची. शिवाय चढावर वजन मागच्या चाकावर जातं आणि पुढचं हलकं होतं. डांबर कोरडं असेल तर ते धरतं. खडी असली तर चाक बंद असूनही गाडी घसरत मागे येते. मागचा ब्रेक दाबून, हाफ क्लचवर गाडी ओढ घ्यायला लागली की ब्रेक हळू सोडायचा, ही खरी पद्धत. तिला डावा पाय जमिनीवर लागतोच.

मग तो गेला का नाही?

दुपारभर हेच. मॅडमनी तिसऱ्या महिन्यात सांगितलेलं तेव्हा मी निम्मंच ऐकलं होतं. तुटलेलं लिगामेंट ही नुसती दोरी नव्हती. गुडघा किती वाकलाय, किती ताणलाय, कुठे वळतोय, हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकं त्यात असतात. नवं जे बसवलंय ते मांडीच्या मागचं हॅमस्ट्रिंग. ते हाडातल्या बोगद्यात रुजतं, दोरीचं काम करतं, पण निरोप्याचं काम पहिल्यासारखं करत नाही. ते काम स्नायूंना, कातडीला, घोट्याला, कमरेला शिकून घ्यावं लागतं. डोळे मिटून डाव्या पायावर उभं राहायला लावायच्या ते त्यासाठीच. मी तो व्यायाम सगळ्यांत फालतू समजत होते आणि कंटाळून सोडला होता. टॉवेल दाबायचे मात्र रोज शंभर, कारण मांडी टेपनं मोजता येते. खबर कशानं मोजणार?

पाय दगा देत नाहीये. त्याच्याकडून बातमी येत नाहीये, आणि बातमी नसलेल्या जागी अंग वजन टाकायला तयार नाही. मघाशी पोळ्या करताना हे सुचलं आणि पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा सरकलं. अंगानं जे केलं ते चूक नव्हतं. मीही तसंच केलं असतं, मला विचारलं असतं तर.

असंच एक गणित ग्राफ्टचंही, म्हणजे बसवलेल्या नव्या लिगामेंटचंही आहे. तो बसवल्या दिवशी मजबूत असतो. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत कमजोर होतो, कारण शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या घालत असतं, जुन्या पेशी जाऊन नव्या येत असतात. दुखणं मात्र तोवर थांबलेलं असतं. म्हणजे सगळ्यांत बरं वाटतं तेव्हाच तो सगळ्यांत कच्चा असतो. नवव्या आठवड्यात मी गाडी काढायला निघाले होते आणि दादानं किल्ली लपवली. तेव्हा जे बोलले ते बोलले.

दादा म्हणतो स्प्लेंडर ने. ११२ किलो, सीट ७८५ मिलिमीटर, चारही गिअर पुढे दाबायचे, चवड्याखाली लिव्हर घेऊन उचलायला नको. बरोबर बोलतो. पण क्लासिकलाही मागे टाचेचा दांडा आहेच. पहिल्यानंतरचे गिअर टाचेनं दाबून पडतात, नडगी उचलावी लागत नाही. गिअरचा मला त्रास नाही. त्रास टाकीचा होतो. हॅमस्ट्रिंग काढतात तो छेद गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जरा खाली. तिथली जागा टाकीला घासते. वळणावर गुडघ्यानं टाकी धरली की व्रण चुरचुरतो आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला चार बोटं कातडी अजून बधिर आहे. बोटानं घासून, खरखरीत टॉवेलनं चोळून व्रण सरावतो म्हणतात. आता नी-गार्ड घालताना खालचा पट्टा व्रणावर येणार नाही असा बांधते आणि फार आवळत नाही. आवळला की पाऊण तासात पोटरी जड होते. दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस घालून पाहिला. बसल्यावर तो खाली घसरतो आणि आतली बिजागरी टाकीवर आपटते. काढून ठेवला. स्नायूचं काम तो करत नाहीच.

सूज सकाळी पाहायची. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खड्डे दिसतात का, आतल्या बाजूनं वर हात फिरवून बाहेरून खाली आणला की आत फुगवटा येतो का. थोडंसं पाणी असलं तरी मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो. त्या दिवशी पाय शक्ती असून लटपटतो. म्हणजे पाणी दिसलं की गाडी नाही. दर अर्ध्या तासानं उतरून पाय सरळ करायचा, घरी आल्यावर फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ. पोटरी एकदम दुखली, सुजली, गरम लागली तर बर्फ नाही, थेट डॉक्टर.

मागचे शॉकअप सहा टप्प्यांत बदलतात. ते सगळ्यांत सैल टप्प्यावर आणले, बसल्यावर गाडी थोडी खाली दबते. सीटचा फोम कापून घेणार होते, ते नंतर. चपलेवर गाडी बंद, घोट्यापर्यंतचे, रबरी तळव्याचे बूट. क्रॅशगार्ड आहेच.

एक गोष्ट मात्र अजून मनाला पटवता येत नाही. गाडी पडायला लागली तर सोडून द्यायची. एकदा वीस-पंचवीस अंशांच्या पुढे गेली की १९५ किलो एका पायानं सावरत नाहीत, आणि सावरायला गेलं की पाय रोवलेला आणि अंग वळलेलं, म्हणजे पुन्हा तेच. हँडल सोडून बाजूला व्हायचं. लिव्हर तुटेल, इंडिकेटर फुटेल, ते दोन दिवसांत बदलून मिळतं. हे मी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा हात आपोआप घट्ट झाले.

उद्या साडेसहाला मैदान. आधी घरी डोळे मिटून डाव्या पायावर तीस सेकंद, पाच वेळा, गादीवर. मग सपाट, कोरड्या मुरमावर पहिल्या गिअरमध्ये वीस पावलं जाऊन थांबायचं. हँडल सरळ, मागचा ब्रेक, चाक पूर्ण थांबलं की डावा पाय. चाळीस वेळा. कंबर आधी कुठे जाते ते पाहायचं, कारण पाय तिच्या मागून जातो. आठवडाभर हेच. चढ त्यानंतर, तोही रिकाम्या रस्त्यावर. यवतेश्वरचा घाट कधी, हे आज लिहीत नाही.

आत्ता खिडकीतून दिसलं. सकाळी आल्यावर गाडी भिंतीकडे तोंड करून लावली आहे. असं लावायचं नाही हे पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. सीटवर बसून पायांनी मागे रेटताना गुडघ्याला जेवढा पीळ बसतो तेवढा चालवताना बसत नाही. इतक्या तंद्रीत आले होते तर. खाली जाऊन फिरवून ठेवते. बसून नाही, डाव्या बाजूला उभी राहून, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, पाय उचलून छोटी छोटी पावलं टाकत.