फोटोत लोकेशन कागलचं, पडलेलं घर निपाणीकडचं – माझा अनुभव

पडझडीच्या भरपाईचा अर्ज नुसत्या फोटोतल्या लोकेशनवरनं अडकला असेल तर हे वाचा. आमचं काम शेवटी झालं म्हणून सविस्तर लिहितोय.

काकांचं घर कर्नाटकात, निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला. पुराचं पाणी उतरल्यावर बघतोय तर मागची भिंत आडवी. मामेभाऊ सकाळीच महाराष्ट्रातल्या कागलहून गाडीवरनं आला, त्यानं भराभर फोटो काढले, त्यातलाच एक अर्जाला लागला. मग कळलं की अर्ज नामंजूर, का तर फोटो महाराष्ट्रातला. अक्षांश १६.५८ दाखवत होता, आमचं गाव १६.४३ ला, एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणजे फरक झाला १६-१७ किमीचा. सीमाभागात पाहुणे दोन्हीकडं असतात पण भरपाई देणारं सरकार वेगळं, त्यामुळं तो आकडा म्हणजे सरळ खोटेपणाचा शिक्काच. काकांना ते फार लागलं, आणि मला पण.

मी मामेभावाकडनं ओरिजिनल फाईल मागवली, ती पण डॉक्युमेंट म्हणून, कारण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की लोकेशन उडतं. कॉम्प्युटरवर एक्झिफटूलनं (फोटोच्या फाईलीत लपलेली वेळ, लोकेशन दाखवणारा प्रोग्राम) उघडली. फोटो काढल्याची वेळ सकाळी ७:४२, आणि खाली जीपीएसची वेळ ०१:१०. ही दुसरी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे आपले ६:४०. लोकेशन तासाभरापूर्वीचं होतं, तो कागलमधनं निघाला तेव्हाचं!

असं का होतं तर नेट असलं की कुठला उपग्रह कुठं आहे ही माहिती मोबाइल पटकन नेटवरनं घेतो, आणि पुरात आमच्याकडं टॉवरच बंद होते, मग तीच माहिती उपग्रहाकडनं हळूहळू घ्यावी लागते, तोवर कॅमेरा शेवटचं माहीत असलेलं लोकेशन फोटोला चिकटवू शकतो. पत्ता छापणारी कॅमेरा अॅप्स पण तेच लोकेशन घेतात.

खरा आधार मिळाला ७:५१ च्या फोटोत. भिंत तीच, वाकलेला पत्रा तोच, आणि अक्षांश १६.४३.

दोन्ही फोटो, दोन्ही वेळा प्रिंट करून जोडल्या आणि जागेवर पुन्हा पंचनामा करा असा अर्ज दिला. एक्झिफटूलनं लोकेशन कुणालाही बदलता येतं, म्हणजे ते बरोबर असलं तरी एकटा तो पुरावा होत नाही, जागा बघायलाच पाहिजे, हे पण स्पष्ट लिहिलं. तलाठी आले, भिंत बघितली, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, घरपट्टीची पावती लावली, अर्ज मंजूर झाला.

आता फोटो काढायचा तर आधी उघड्यावर थांबून मॅप लावा, निळा ठिपका जागेवर येऊ द्या, आणि ओरिजिनल फाईल डिलीट करू नका. शेजारच्या वहिनींचा अर्ज पण असाच अडकलाय, त्यांच्या मुलाकडनं ओरिजिनल फोटो मागवलेत.