क्लासमध्ये काय आहे ते क्लासलाच विचारा की!

द्राक्षाचा सीझन आला की आमच्या नाशिकच्या पॅकहाऊसवाल्यांना प्रत्येक प्लॉटचा रिपोर्ट लागतो, तोही एक्सेलमध्येच, आणि दरवर्षी त्यात एखाद-दुसरा कॉलम वाढतोच. व्हरायटी, गोडी छाटणीची तारीख, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं प्रमाण), मण्याची साईज किती एमएम. हे रिपोर्ट काढणारं सॉफ्टवेअर मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो, आणि एक कॉलम वाढला म्हणून एक्सेल फाईल बनवणारा कोड परत उघडायचा हे मला अजिबात पटत नाही. प्लॉटचा क्लास (प्लॉटच्या माहितीचा साचा) आहे, त्यात फील्ड (माहितीचे एकेक कप्पे) आहेत, मग त्यालाच विचारा ना तुझ्यात काय काय आहे. यालाच रिफ्लेक्शन म्हणतात, आणि जावात ते १९९७ च्या १.१ व्हर्जनपासून आहे.

क्लासवर गेटडिक्लेअर्डफील्ड्स ही जावाची तयार मेथड मारली की त्यातली सगळी फील्ड हातात येतात, प्रायव्हेट (बाहेरच्या कोडला बंद असलेली) सुद्धा. मग लूप फिरवून प्रत्येकाचं नाव, टाइप (डबल म्हणजे दशांश आकडा, असं), मॉडिफायर (प्रायव्हेट, पब्लिक वगैरे) विचारायचं, स्क्रीनवर "ब्रिक्स, डबल, प्रायव्हेट" अशा ओळी येतात. पहिल्यांदा हे बघताना जाम भारी वाटतं!

पण पॅरेंट क्लासची, म्हणजे ज्या क्लासवरून हा बनवला त्याची, फील्ड त्यात येत नाहीत हं. आमचा प्लॉट हा जमीन क्लासवरून एक्स्टेंड केलेला आहे आणि गट नंबर तिकडे वर आहे, म्हणजे नुसत्या या मेथडवर राहिलात तर रिपोर्टमधून गट नंबरच गायब. गेटफील्ड्स वरची फील्ड देतं पण फक्त पब्लिक, त्यामुळे गेटसुपरक्लास करत करत वर चढत जायचं, हाच उपाय.

दुसरं म्हणजे क्रम. फील्ड लिहिलेल्या क्रमाने येतीलच अशी गॅरंटी नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, तरी बऱ्याचदा बरोबर येतात म्हणून लोक बिनधास्त राहतात. मी प्रत्येक फील्डवर अ‍ॅनोटेशन लावतो (कोडला चिकटवलेली चिठ्ठीच म्हणा), त्यात कॉलमचं मराठी नाव आणि क्रमांक. त्या अ‍ॅनोटेशनचं रिटेन्शन (ते कुठवर टिकणार) रनटाइम ठेवायचं, डीफॉल्टवर सोडलं तर ते क्लास फाईलमध्ये (कंपाइल झालेल्या कोडच्या फाईलमध्ये) असतं पण प्रोग्राम चालताना दिसत नाही, आणि एररही येत नाही, नुसती रिकामी शीट. रेकॉर्ड (नुसता डेटा ठेवायचा जावातला क्लासचा प्रकार) वापरत असाल तर गेटरेकॉर्डकंपोनंट्स क्रमाने देतं, तिथे ही कटकट नाही.

प्रायव्हेट फील्डची व्हॅल्यू काढायला सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू करावं लागतं. वाचायला ठीक आहे, पण याच रस्त्याने व्हॅल्यू लिहायच्या मी ठाम विरोधात आहे. ब्रिक्सच्या सेटरमध्ये, म्हणजे व्हॅल्यू भरायच्या मेथडमध्ये, मायनस आकडा येऊ नये म्हणून चेक ठेवलाय, तो या रस्त्याने सरळ बायपास होतो आणि चुकीचा आकडा रिपोर्टमध्ये जाऊन बसतो. जावा १६-१७ मध्ये जेडीकेच्या (जावाच्या डेव्हलपमेंट किटच्या) स्वतःच्या आतल्या क्लासेसना असं उघडायला गेलं की एक्सेप्शन येतं. अनेकांचे जुने प्रोजेक्ट अडकले त्यात, पण मला तो बदल मनापासून आवडला.

स्पीडचं म्हणाल तर फील्डची यादी दर क्लासची एकदाच काढून मॅपमध्ये (क्लासवरून लगेच सापडेल अशी) ठेवा, प्रत्येक ओळीला परत काढू नका.

आणि एक माझी आवडती गोष्ट. फवारण्यांची लिस्ट असलेल्या फील्डला गेटटाइप विचारलं तर ते नुसतं "लिस्ट" सांगतं, पण गेटजेनेरिकटाइप विचारलं तर आत फवारणी क्लास आहे हेही सांगतं, कारण फील्डच्या डिक्लेरेशनमधली ती माहिती क्लास फाईलमध्ये टिकून असते. म्हणजे फवारण्यांची वेगळी शीट आपोआप बनवता येते, सध्या तेच लिहितोय, झालं की कोड इथेच टाकतो.