जोत्याला तडा नव्हता

कचऱ्याच्या ढिगाचं खचणं नोंदवायच्या रजिस्टरमध्ये तीन आणि चौदा नंबरच्या प्लेटा वर आलेल्या दिसत होत्या. तीन नंबर 22 मिलिमीटर, चौदा नंबर 17. बाकी बारा खाली गेलेल्या. कचरा दबतो, कुजतो, खचतो. तो वर येत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस उघडल्यावर सोलापूरबाहेरच्या एका बंद केलेल्या कचरा डेपोवर मला बोलावलं होतं, पण या दोन आकड्यांसाठी नाही. खचणं थांबलंय असं लिहून सही हवी होती, म्हणजे ढिगावर ट्रॉमेलसाठी, कचरा चाळणाऱ्या फिरत्या पिंपासाठी, काँक्रीटचा ओटा ओतता आला असता.

सेटलमेंट प्लेट म्हणजे 60 सेंटिमीटर चौरस आणि 10 मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा. तो मातीच्या आच्छादनाखाली थेट कचऱ्यावर बसवतात. मधोमध जीआय पाइप उभा वेल्ड करायचा आणि त्याच्याभोवती 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मोकळा ठेवायचा, म्हणजे माती हलली तरी दांडीला ओढत नाही. दांडीच्या टोकावर स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरून महिन्यातून एकदा ऑटो लेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने, वाचन घ्यायचं. इथे कचऱ्याची जाडी मध्यावर 11 मीटर, कडेला 3. चौदा प्लेटा बसवल्या होत्या आणि पहिलं वाचन गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीअखेर झालं होतं.

साइटवरच्या तरुण इंजिनिअरचं म्हणणं, "सर, काळी माती फुगली असणार." म्हणणं टाकाऊ नव्हतं. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि सप्टेंबरात फुगून फरशा उचलते. पण प्लेट मातीखाली आहे. माती दांडीला वर ओढेल ती पीव्हीसी पाइप गाळाने भरला असेल तरच. दोन्ही पाइपांची टोपणं काढून दांडीच्या बाजूने सळई सोडली. चौदा नंबरमध्ये तळाशी वीतभर गाळ होता, तीन नंबर तळापर्यंत स्वच्छ. दोन्ही दांड्या हाताने हलवल्या, मोकळ्या होत्या. माती निर्दोष सुटली. लेव्हल मशीनची दोन खुंट्यांची चाचणी घेतली, चूक 50 मीटरला 2 मिलिमीटर. मशीनही सुटलं.

मग विचारलं, टीबीएम, म्हणजे मोजणीची आधारखूण, कुठे आहे?

"केबिनच्या जोत्यावर, सर."

गेटाजवळची पहारेकऱ्याची केबिन, तीन मीटर बाय तीन मीटर. जोत्याच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा त्रिकोण आणि आकडा. सगळी वाचनं या खुणेपासून मोजलेली. "एक तडा नाही की सर जोत्याला," तो म्हणाला, आणि खरंच नव्हता. भिंतीलाही नव्हता. पण तडा पडतो तो एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त बसला तर. एवढीशी केबिन एकसंध स्लॅबवर असली की पेटीसारखी सगळीच्या सगळी खाली जाते. दार अडकत नाही, फरशी फुटत नाही, कुणाला काही कळत नाही.

ते जोतं कशावर आहे हे कुठल्याही नकाशात नव्हतं. ते सांगितलं मुकादमांनी. "हितं खाण होती की साहेब. मुरूम काढून काढून दोन पुरुष खड्डा झालता. मग गाड्या त्यातच रित्या करायच्या." वीस वर्षं त्या गेटावर काढलेला माणूस, आणि नऊ महिन्यांत त्याला एका शब्दाने कुणी विचारलं नव्हतं. साइटची पाहणी म्हणजे फोटो काढणं असं आता बऱ्याच ठिकाणी झालंय, त्याचा मला मनापासून राग येतो.

जानेवारीत टीबीएमची पातळी रस्त्यावरच्या मोरीच्या विंग वॉलवरून, म्हणजे बाजूच्या भिंतीवरून, आणली होती. मोरीचा पाया काळ्या पाषाणावर आहे, ओढ्यात उतरलं की तो उघडा दिसतो. अंतर 420 मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरुवात केली, कारण नऊनंतर जमिनीवरची हवा लवलवायला लागते आणि स्टाफचे आकडे नाचतात. नजर 30 मीटरच्या पुढे टाकायची नाही, बॅकसाइट आणि फोरसाइटचं, म्हणजे मशीनपासून मागच्या आणि पुढच्या स्टाफचं, अंतर सारखं ठेवायचं. जाताना सात ठिकाणी मशीन मांडलं, येताना सात. एवढ्या फेरीला 12 गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ या हिशेबाने 11 मिलिमीटर चूक चालते. आमची फेरी 4 मिलिमीटरला मिटली, म्हणजे निघालो तिथे परतल्यावर एवढाच फरक राहिला.

जानेवारीत जोत्यावरच्या खुणेची पातळी 103.412 होती. त्या सकाळी 103.351 आली.

टीबीएमच 61 मिलिमीटर खचला होता. म्हणजे वर आलेली तीन नंबर प्लेट प्रत्यक्षात 39 खाली, चौदा नंबर 44 खाली. मध्यावरची आठ नंबर रजिस्टरात 118 खचलेली दिसत होती, ती 179. जिच्यावर उभं राहून मोजायचं तीच जमीन खाली जात होती.

केबिनशेजारी चाचणी खड्डा घेतला. आधी दोरीने गॅस मीटर सोडला; मिथेन हवेत 5 ते 15 टक्क्यांत असला की पेट घेतो, म्हणून बिड्या विझवायला लावल्या आणि खड्ड्यात कुणालाही उतरू दिलं नाही. पाऊण मीटर मुरूम, त्याखाली कचरा. वरचा थर कोरडा होता. त्यात सुताचे गुंते, टॉवेलच्या किनारी, बिडीकामातली तेंदूपत्त्याची कात्रणं. एक कात्रण उचलून पाहिलं, शिरा न् शिरा शाबूत, सुताचा लाल रंगसुद्धा ओळखू येत होता. त्याखाली दीड मीटरवर ओल लागली आणि तिथून चित्र पालटलं. तेच सूत फावड्यावर घेतलं तर काळ्या लगद्यासारखं तुटलं, हाताला कोमट लागलं, आंबूस वास आला. पान कुठलं आणि सूत कुठलं, सांगता येईना.

माझ्या दृष्टीने सगळी केस त्या दोन थरांमध्ये आहे. सूत, कागद, पालापाचोळा यांत मुख्य माल सेल्युलोज. हवा नसलेल्या ओल्या जागी जिवाणू त्याचा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. एक किलो कोरडं सेल्युलोज पुरतं कुजलं तर साधारण 830 लिटर वायू, त्यात निम्मा मिथेन. घन वस्तू वायू होऊन निघून गेली की मागे पोकळी राहते आणि वरचा भार ती मिटवतो. पण पाणी नसेल तर हे काम अडून राहतं. सोलापुरात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सगळ्यात ओला महिना सप्टेंबर. फेब्रुवारी ते मे या काळातली वाचनं सपाट आली, आलेख आडवा झाला आणि अहवालात "स्थिरावले" असा शब्द पडला. कचरा स्थिरावला नव्हता, वाळला होता.

शिवाय सपाट आलेखाचा भरवसा साध्या कागदावर धरूच नये. काळ लॉग पट्टीवर, म्हणजे 1, 10, 100 अशा दहापटीच्या पट्टीवर, मांडला की कळतं, पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत जेवढं खचेल, साधारण तेवढंच पुन्हा दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. जाडीच्या 5 टक्के धरले तर 11 मीटरला 55 सेंटिमीटर. कुजणं जोर धरलं की ही रेघ आणखी तिरपी होते. सगळं धरून ढीग मूळ उंचीच्या चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत बसू शकतो. ट्रॉमेलचा पिंप रोलरवर काही अंशांच्या उतारात फिरतो. ओटा एका बाजूने चार बोटं बसला तरी पिंप एका अंगाला घासायला लागेल.

मला जास्त लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. टीबीएम चुकला तरी दोन प्लेटांमधला फरक चुकत नाही, कारण दोन्हींत चूक तेवढीच. तीन आणि आठ नंबरमधला फरक रजिस्टरप्रमाणे 140 मिलिमीटर आणि खराही 140. त्या दोन प्लेटांच्या मधून मध्याकडून कडेला जाणारं 40 मीटरचं काँक्रीटचं गटार आहे, उतार 300 ला 1, म्हणजे सगळी मिळून 133 मिलिमीटरची उतरण. 133 मधून 140 गेले. गटाराचं कडेचं टोक मधल्यापेक्षा 7 मिलिमीटर उंच झालं आणि पाणी उलटं फिरलं. आठ नंबरजवळ ते साचलं, गटाराचे सांधे उघडले, पाणी आत गेलं आणि तिथलाच कचरा अधिक जोरात कुजला. हे सगळं त्याच रजिस्टरच्या दोन रकान्यांत लिहिलेलं होतं. दर महिन्याला चौदा प्लेटांची सरासरी काढली जात होती. सरासरीने गटार वाहत नाही.

ऑगस्टमध्ये तो खोलगट भाग भरायला ठेकेदाराच्या माणसांनी चार ब्रास मुरूम टाकला. हेतू चांगला. पण चार ब्रास म्हणजे सव्वाअकरा घनमीटर, वीस टन. आठ बाय पाच मीटरच्या जागेवर तो भार पडला, म्हणजे जणू आणखी अर्धा मीटर कचरा चढवला. आणि मुरमातून पाणी आरपार जातं. तिथे हवी होती धुम्मसून बसवलेली चिकण माती, तीही वर उतार देऊन. 2016 च्या घनकचरा नियमांत 60 सेंटिमीटर चिकण मातीचा थर, त्यावर 15 सेंटिमीटर निचऱ्याचा आणि त्यावर 45 सेंटिमीटर झाडोऱ्याच्या मातीचा, असं आच्छादन सांगितलं होतं. इथे वरची माती 20 सेंटिमीटरच निघाली. आपल्या उन्हात हा वरचा थर म्हणजे काळ्या मातीची सावली आहे. तो निम्म्यावर आणला की खालची माती मे महिन्यात फाटते आणि पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून सरळ कचऱ्यात उतरतं.

सही केली नाही. लिहून दिलं की ओटा ढिगावर नको, गेटापलीकडच्या खऱ्या मुरमावर घ्या, आणि तिथेही आधी खड्डा घेऊन पाहा. काँक्रीटचं गटार काढून एकावर एक चढवलेल्या एचडीपीई प्लास्टिकच्या अर्धगोल पन्हळी टाका, उतार 50 ला 1. भेगा वीतभर खोल व्ही आकारात उकरून ओल्या चिकण मातीने धुम्मस करून बुजवा. बंद केल्यानंतर 15 वर्षं देखभाल 2016 च्या नियमांतच सांगितली होती, तेवढी वर्षं वाचनं चालू ठेवा.

मधल्या महिन्यांच्या वाचनांचं काय करायचं, हे मात्र अजून डोक्यातून जात नाही. 61 मिलिमीटर नऊ महिन्यांत सारखे वाटून दुरुस्ती करावी असं सुचवलं गेलं. तसं केलं तर कोरड्या महिन्यांत नसलेलं खचणं दिसेल आणि पावसाळ्यातलं झाकलं जाईल. नशिबाने जूनच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा सापडला, शेजारी "कंपाउंड कोपरा दगड". कुणीतरी सहज स्टाफ धरून पाहिला होता. तो दगड पाषाणात रोवलेला आहे आणि जानेवारीच्या लेव्हल बुकात चेंज पॉइंट, म्हणजे मशीन हलवतानाची मधली खूण, म्हणून त्याची पातळी लिहिलेली आहे. आम्ही परत मोजला, 2 मिलिमीटरच्या आत जुळला. त्यावरून जूनपर्यंत टीबीएम 14 खचला होता, उरलेले 47 जून ते ऑक्टोबर. जूनचं पान असं दुरुस्त झालं. बाकीच्या सात पानांवर "तुलनेसाठी फक्त" असा शिक्का मारायला सांगितलाय. ज्याने तो दगड मोजला त्याचं नाव पानावर नाही.

नवीन टीबीएम आता मोरीच्या विंग वॉलवर आहे, पितळी खिळा ठोकून. कोपऱ्याचा दगड दुसरी खूण. रजिस्टरला तीन रकाने वाढवलेत: टीबीएमची फेरी किती मिलिमीटरला मिटली, तीन ते आठ फरक, आणि महिन्याचा पाऊस. जोत्यावरचा लाल त्रिकोण पुसू दिला नाही, त्याला पंधरावी प्लेट म्हणून नंबर दिलाय.