सरांचा रुमाल

अमृत महोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी एका गावकऱ्याच्या पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत भिंगाखाली धरून बसलो होतो. शाळेविषयी काहीही लिहा, असं पत्रात म्हटलंय. घंटा, पटांगण, कौलं, गॅदरिंग यांवर बाकीचे लिहितीलच. मी सरांवर लिहिणार. कोणते सर, हे आमच्या १९७९ च्या दहावीच्या तुकडीला सांगायला नको. धोतर, काळी टोपी, आणि कुणाच्याही वहीवर 'छान' म्हणून न लिहिणारे.

आणि मला तर 'छान'ची भारी चटक. माझं अक्षर वळणदार. शुद्धलेखनाचं एक पान झालं की उठून टेबलापाशी. बाई असोत, गुरुजी असोत, लाल शाई मिळेपर्यंत हलायचं नाही. मुलं मला 'दाखव्या' म्हणायची. राग यायचा, पण सवय सुटत नव्हती.

आठवीत सरांनी शाळा सुटल्यावर मला थांबवलं. पिशवीतून विटक्या लाल फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं काढलं. अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात, हे तेव्हाच कळलं. घरातले जुने मोडी कागद होते. एक पान देऊन म्हणाले, "हे उतरून आण."

मी अकरा दिवस खपलो. बोरू तासून घेतला. मोडीत आधी आडवी रेघ पानभर ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगायची, हे बघून बघूनच उमगलं. हुबेहूब नक्कल झाली. सरांनी पान हातात घेतलं.

"काय लिहिलंय?"

"माहीत नाही, सर."

"मग मला काय दाखवतोस?"

रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशीपासून सर मोडीची बाराखडी शिकवायला लागले. त्यांच्या लहानपणी ती शाळेतच शिकवत. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. वाचणाऱ्याने संदर्भाने शब्द सोडवायचा. कालगणना तर बोटांवर: 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजेच जुन्या कागदांत चालणारा शुहूर सन ११७३. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे, पुढचा असेल तर ६००.

एका संध्याकाळी घरी कंदिलापाशी एक ओळ सुटली: 'सवा पायली जोंधळे'. बस, एवढंच. कुणीतरी कुणालातरी कधीतरी दिलेले जोंधळे. मी रात्रभर पुढच्या ओळीत अडकून राहिलो. चार दिवसांनी सरांनीच विचारलं, "काही लागलं का रे?" तेव्हा ध्यानात आलं की दाखवायचं राहूनच गेलं.

पुढे तालुका कचेरीत नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मोडी चालूच होती. त्याबद्दल ना कुणी पगार वाढवला, ना विचारलं. साहेब लोक म्हणायचे, "काय उकरत बसता राव!"

मग २०२३ आलं. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. मलाही दोन शाली, तीन नारळ मिळाले. त्याच महिन्यात एक जण आजोबांच्या जन्माची नोंद घेऊन आला. मी तीनदा वाचली. जातीच्या रकान्यात कुणबी नव्हतं. तो म्हणाला, "नीट बघा ना काका, तुमच्या हातात आहे." माझ्या हातात फक्त भिंग होतं. जे आहे तेच वाचून दाखवलं. तो चहा अर्धा टाकून गेला, आणि आजही रस्त्यात दिसला की तोंड फिरवतो. पूर्वीचा दाखव्या असतो तर रात्रभर तळमळलो असतो. त्या रात्री मला झोप लागली. त्या शाली मात्र कुणाला तरी देऊन टाकायला हव्यात, कपाटात जागा नाही.

आता वर्गात फळ्याच्या जागी पडदे आहेत म्हणे. असोत. माझी विनंती एवढीच: सर गेल्यावर त्यांचा रुमाल घरच्यांनी शाळेला दिला, असं ऐकलंय. ग्रंथालयात तो कुठे असेल तर कळवावं. निम्मी पानं वाचायची राहिली आहेत. दुपारी मी मोकळाच असतो.